रॉकवाल्याचा एकुलता फोटो

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र दर हिवाळ्यात सावली तालुक्यातल्या एका गावात जाऊन स्वतःच्याच फोटोला हार घालत आलो. लोक तो दुसऱ्याचा फोटो समजतात. तशी समजूत मीच होऊ दिली.

ज्याचा समजतात तो आणि मी एकाच नाटक कंपनीत होतो. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. मी ऑर्गन वाजवायचो, तो गायचा. ऑर्गन-तबल्याला सरावलेल्या लोकांपुढे त्यानं पहिल्यांदा विजेची गिटार कडाडवली, तेव्हा म्हातारे कानांवर हात ठेवून बसले आणि पोरं मंडपाच्या बांबूंवर चढली. पुढच्या हंगामात नाटकाचं नाव कोणी विचारेना. "रॉकवाला हाय काय?" एवढंच विचारत. चिमूरपासून गडचिरोलीपर्यंत पोरांनी त्याच्यासारखे केस वाढवले. मीही वाढवले.

फोटो एका दुपारचा. स्टेज बांधून झालं होतं. मी म्हटलं, "तुह्यं जाकीट दे ना, एकदा घालून पाहतो." त्यानं जाकीट दिलं, गिटारही माझ्या गळ्यात अडकवली, माझा कॅमेरा उचलला आणि स्टेजखाली जाऊन उभा राहिला. माझ्या पाठीमागून ऊन, केस चेहऱ्यावर, तोंड अर्धं उघडं. नव्या रोलचा तो पहिला फोटो. पुढचे सगळे मी त्याचे काढले.

त्याच हंगामात त्याला जंगलातला थंडीताप भरला. ताप आला की आम्ही सगळेच गोळी खाऊन स्टेजवर उभे राहायचो, तसा तोही राहिला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला.

शोकसभेला फोटो हवा होता. पोस्टरवर तेव्हा नुसती अक्षरं असायची. घाईघाईत मी रोल गुंडाळण्याआधीच कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. त्याचे सगळे फोटो पांढरे निघाले. गुंडाळीत सगळ्यात आत दडलेला पहिला तेवढा वाचला.

कंपनीच्या मालकानं तो उजेडात धरला. "अरे बापा! काय उभा हाय रे! तूच काढला ना?"

मी हो म्हणालो. त्याचे खरे फोटो माझ्या हातून गेले, या शरमेनं म्हणालो. पण तेवढंच नव्हतं. 'काय उभा हाय' असं माझ्याबद्दल आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

त्याची मोठी बहीण तलावात मासे धरून घर चालवायची. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं. तिनं फोटो जवळ घेतला. "ताप आदीच भरला होता वाट्टे. गाल कसे उतरले माह्या पोराचे." मग दरवर्षी त्याच्या तिथीला ती हार माझ्या हातात द्यायची. "तूच घाल, भाऊ. तुह्या हातचा फोटो हाय."

मी रंगभूमी सोडून घुग्घुसला खाणीच्या कचेरीत लागलो. केस गेले, पोट सुटलं. एकदा तिथल्या चहाच्या टपरीवर नाटकाच्या फ्लेक्सवर तोच फोटो दिसला. खाणीतली पाळी संपवून आलेला एक पोरगा मला म्हणाला, "काका, तुमच्या टायमाचा होता हा. पाहिला काय कधी? का नुसते भजनंच आयकले?" पोरं हसली. मी म्हटलं, "पाहिला." त्या दिवसापासून मी आरशासमोर फार वेळ थांबत नाही.

यंदा गावानं त्याचा पुतळा करायचं ठरवलं. त्याच्या बहिणीचा, बाईचा फोन आला. "त्या फोटोची फिलम घेऊन ये. आता तोंड सिमेंटचं होनार हाय, चुकाले नको."

मी गेलो. ती अंगणात जाळं सांधत होती.

"बाई, तो फोटो त्याचा नाई. माझा हाय."

"चल हट! म्हातारपनी रॉकवाला व्हाचं हाय काय तुले?"

मी भिंतीवरचा फोटो हारासकट उतरवून आणला, त्यातल्या केसांवर तळहात ठेवला आणि उरलेल्या हनुवटीशेजारी माझी हनुवटी नेली. ती बघत राहिली. मग तिनं हार उतरवला.

"जित्या माणसाले हार घालाले लावलास तू. इतकी वर्सं. काऊन रे?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मंग तो कुठी हाय?"

"माझ्यासमोर. कॅमेरा त्याच्या हातात होता."

तिनं फ्रेम लांब धरली, मग डोळ्यांजवळ आणली. "म्हंजे तू त्याच्याकडंच पाहून राह्यला."

"हो."

"आन् हे गानं नाई. हासून राह्यला तू."

मी वाकून पाहिलं. खरंच हसत होतो.

"काय म्हने तो?"

मला आठवेना. जाकिटाचा घामट वास आठवतो, खांद्यात रुतलेला पट्टा आठवतो. त्याचं वाक्य आठवत नाही.

पुतळ्याचं काम थांबलं आहे. फोटो तिनं पुन्हा भिंतीवर लावला, हाराशिवाय. बाजाराच्या दिवशी ती कोणाच्या तरी फोनवरून मला फोन करते. ख्यालीखुशाली विचारत नाही.

"आठवलं काय?"

"नाई, बाई."

मग ती फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही.