सगळ्यात स्थिर जागा

माझी नणंद डोंगराचं वजन करायची. हसू नका, नोकरीच होती तिची. डब्याएवढं यंत्र, आत केसासारखी बारीक स्प्रिंग. जमिनीखाली जड दगड असला की ती जरा जास्त ताणली जाते; गरम पाणी, वाफ, पोकळी असली की कमी. त्या आकड्यांवरून वीजकेंद्रवाल्यांना कळायचं, वाफेसाठी कुठे खणायचं ते. गल्लीत तिला सगळे काटेवाली म्हणत. लग्न केलं नाही. बोलणं मोजकं, पण बोलेल ते शंभर नंबरी. अंदाजे किती वाजले विचारलं, तरी घड्याळ बघितल्याशिवाय तोंड उघडायची नाही बया.

त्या यंत्राला एक खोड होती. दिवसभरात स्प्रिंग आपोआप सैलावायची. म्हणून सकाळी एका ठरलेल्या जागी मोजायचं, डोंगरभर हिंडायचं आणि संध्याकाळी परत त्याच जागी येऊन मोजायचं. फरक निघेल तो यंत्राचा, आणि डोंगरावरचे बाकीचे सगळे आकडे त्या जागेशी ताडून बघायचे. अट एकच, ती जागा हलता कामा नये. तिनं निवडला आमच्या मागच्या दारचा दगडी ओटा. शास्त्रबिस्त्र काही नाही हो, भावाचं घर आणि आयता चहा! आमच्या ह्यांना कोण आनंद. "अख्ख्या डोंगरात न हलणारी जागा माझ्या घरी आहे," येईल त्याला सांगायचे. त्याच जोरावर वर मजला चढवला. मी नको नको म्हणत होते, पण बायकोचं ऐकतंय कोण?

पुढे बाकीच्या सगळ्या जागा हळूहळू जड दिसायला लागल्या. साहेब लोक खूश. जमिनीत पाणी परत भरतंय, वाफ आटायची नाही, असा त्यांनी अर्थ लावला. तिलाही ते पटलं.

मग आले दगडवाले सर. दगडात अडकलेला वायू मोजून ते दगडाचं वय सांगायचे. आमचा डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी, तो लाखो वर्षांपूर्वीच विझला, असं सगळे धरून चालले होते. सरांनी आमच्या ओट्यामागचा खडक फोडून नेला आणि काही महिन्यांनी परत आले ते कपाळाला हात लावूनच. "बाई, हा तर अगदीच कोवळा निघाला. माणसं मडकी घडवत होती तेव्हाचा. शेवटचा लाव्हा इथूनच वर आलाय."

नणंद हे ऐकत होती. यंत्र उचललं आणि थेट खाली नदीकाठच्या जुन्या कातळावर गेली. तिथून सगळी मोजणी नव्यानं केली. कुठलीच जागा जड झाली नव्हती. आमचा ओटाच हलका होत होता. खालून जमीन फुगत होती, वर उचलली जात होती (जागा उंच झाली की यंत्राला हलकी दिसते), आणि ही त्याच ओट्यावर उभी राहून सगळ्या डोंगराला नावं ठेवत होती.

ऑफिसात म्हणाले, एक मोसम पुन्हा मोजा, मग बघू. तिनं हात जोडले, रडली. शिपायानं पाणी आणून दिलं, तेवढंच.

तिथून ती तडक आमच्याकडे आली. "दादा, घर सोड. आजच्या आज."

"का गं? तूच ना म्हणालीस, ही जागा हलत नाही?"

"चुकले मी."

"मग आत्ता चुकत नाहीस कशावरून?"

तिनं त्यांचे पाय धरले. हे जरा वरमले. हट्टी असले तरी बहिणीवर जीव होता. म्हणाले, "बरं, एकच सांग. इथे फुटणार का? तू हो म्हण, हा मी उठलो. चप्पलसुद्धा घालत नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. हो म्हण गं बाई! डोळ्यांनी खुणावून खुणावून माझे डोळे दुखले. आयुष्यात एकदा थाप मार, देव काही तुला शिक्षा करत नाही!

"फुगतंय, एवढं नक्की. फुटेल का... ते नाही सांगता येत, दादा."

"झालं तर मग," हे म्हणाले. "चहा घेऊन जा."

मी तिच्याबरोबर निघाले. दोन दिवस हातानं करून खातील आणि येतील मुकाट्यानं खाली, असा माझा हिशेब. रोज फोन करायचे, रोज हसायचे. आठवडा झाला असेल, एका दुपारी मागचं अंगण फुटलं. वाफ, चिखल, दगड. घर राहिलं. वरचा मजलाही राहिला, मेला! ओटा तेवढा गेला, आणि हे ओट्यावरच बसले होते.

आता आम्ही दोघी एका भाड्याच्या खोलीत राहतो. साहेब येऊन म्हणाले, तुमची मोजणी बरोबर होती. तिनं त्यांच्या तोंडावर दार लावलं. मग भिंतीला टेकून मला म्हणाली, "वहिनी, नुसतं हो तर म्हणायचं होतं गं मला."

काय सांगू? तिला फाडून खावंसं वाटतं, आणि तिच्याच गळ्यात पडून रडावंसंही वाटतं. दोन्ही जमत नाही. मग मी ताट वाढते, आणि तिच्या पोटात चार घास जाईपर्यंत समोरून उठत नाही.