सुतळीचे तीन हिसके

पयल्यांदाच सांगून टाकतो, मी असलं कायबी मानत न्हाय. देवाला हात जोडायचो ते बी बायको बघत असायची म्हणून. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जायचो. सून मोबाईलवर तुमचं हे सदर वाचती. ती म्हणली, आबा, तुमचं बी लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. मी वहीत लिहिलं, तिनं मोबाईलवर उतरवलं. तिला सांगितलंय, माझा एक शब्द बदलायचा न्हाय.

मी सोलापूर जिल्ह्यातला, करमाळा तालुक्यातला. उजनी धरणाचं पाणी आमच्या गावाच्या कडेपर्यंत येतं. पलीकडचा काठ पुणे जिल्ह्यात. रस्त्यानं वळसा घालून जायचं म्हणलं तर आर्धा दिवस मोडतो, होडीनं आर्धा तास. मी तीस-बत्तीस वरसं हितंच मासे धरले. पयल्यांदा वल्ह्यानं, मंग इंजन घेतलं. होडीच्या मागं टांगायचं, दोरी ओढून चालू करायचं, तसलं.

बायकोचं नाव हौसा. आमच्यात बाया होडीत येत न्हवत्या, ही आली. म्हणली, घरी बसून तुमची वाट बघण्यापरीस पाण्यात बसून बघते.

इंजनाचं एक तंत्र असतंय. चालू करायचं पेट्रोलवर. गरम झालं की नळी फिरवून रॉकेलवर टाकायचं, कारण पेट्रोल परवडत न्हाय. आणि बंद करायच्या आधी आठवणीनं परत पेट्रोलवर घ्यायचं. न्हायतर आत रॉकेल ऱ्हातं, आणि गार झालं की मंग किती बी ओढा, आतलं फिरतं पर चालू व्हत न्हाय. हौसा इंजनाला जावई म्हणायची. “जावई आल्या आल्या शिरा लागतो, मंग भाकरी बी चालती. आणि जाताना परत शिरा, न्हायतर फुगून बसतो.”

मी मागं इंजनापाशी, ती पुढच्या टोकाला फळीवर, जाळी बघायला. मधी इंजनाचा ह्यो मोठा आवाज. वरडून वरडून दोघांचे घसे बसायचे. तवा तिनंच डोकं लढवलं. एक सुतळी घेतली, एक टोक तिच्या हातात, दुसऱ्या टोकाला फास करून माझ्या पायाच्या अंगठ्यात. एक हिसका म्हणजे हळू घ्या, पुढं जाळं हाय. दोन म्हणजे काठ आला, पेट्रोलवर घ्या. आणि तीन म्हणजे बास झालं, बंद करा, भाकरी खाऊ. तिचे तीन मी झोपेत बी वळखले असते. दोन पटापट, मंग जरा थांबून तिसरा लांब, वढून धरल्यासारखा.

आमची भांडणं बी त्याच सुतळीवर व्हायची. मी सकाळी कायतर बोललेलो असायचो, ती तितं गप बसायची, आणि मधीच एक हिसका आसा द्यायची की अंगठा निघून येतो का काय. मी हळू घ्यायचो. पुढं जाळं न्हाय, काय न्हाय.

“काय गं, काय दिसलं?”

“तुमचं तोंड दिसलं.”

पुढं बघत बसलेली बाई, तिला माझं तोंड कुटनं दिसलं? पर मी हसायचो. ती बी मंग तिकडं तोंड करूनच हसायची, खांदं हलायचं. तीस वरसं मी तिची पाठच बघितली म्हणा की.

आषाढात गेली. कावीळ झाली, पंधरा दिवसात संपलं. त्यावर लिहीत न्हाय.

पोरगा संजय सोलापुरात नोकरीला हाय. म्हणला, “आबा, एकट्यानं पाण्यात जायचं न्हाय. होडी-इंजन विका आणि आमच्याकडं चला.” मी चार महिने टाळलं. मंग एक दिवस व्हय म्हणून गेलो. घरात जेवण जात न्हवतं, झोप न्हवती, म्हणलं जाऊ दे. पलीकडच्या काठाचा बबन घ्यायला तयार झाला. त्याला पक्षी बघायला येणारी माणसं फिरवायची व्हती. मी शब्द दिला. ठरलं असं, मी होडी घेऊन पलीकडं यायचं, संजय तितं एस्टीनं येऊन थांबणार, होडी बबनच्या ताब्यात द्यायची आणि तितनंच बापलेकांनी सोलापूरला जायचं. म्हणजे माझी पाण्यावरची शेवटची फेरी. कपड्यांची पिशवी होडीतच टाकली. शेजारणीनं बळंच भाकरी बांधून दिली. भूक मेलेलीच व्हती, तरी घेतली.

मार्गशीर्ष व्हता. सकाळी आठ-साडेआठला निघालो. पाय आपसूक सुतळीच्या फासात गेला. दुसरं टोक मी ती गेल्यापासनं पुढच्या फळीच्या खिळ्याला गुंडाळून ठेवलेलं, तसंच व्हतं.

आर्ध्यात गेलो आणि कुणाची तरी तुटकी जाळी पाण्यात तरंगत व्हती ती इंजनाच्या पंख्यात गुतली. पुढं बघणारं कोण असतं तर दिसली असती. मी गडबडीनं इंजन बंद केलं, वर उचललं, कोयत्यानं जाळी कापून काढली. इतकी वरसं गेली, पर बंद करताना पेट्रोलवर घ्यायचं इसरलो. सांगणारं न्हवतं ना.

मंग सुरू झाला तमाशा. दोरी ओढली, आतलं गरागरा फिरतंय, फट म्हणतंय, पर धरत न्हाय. नळी पेट्रोलवर घेतली. टाकीचं टोपण सैल केलं. इंजन बंद करायच्या लाल बटनाची क्लिप बघितली, जागेवर. प्लग काढला, धोतराला पुसला, ठिणगी बघितली... ठिणगी चांगली. परत बसवला. चोक ओढला, पेट्रोलचा पंप दाबला, ओढ. परत पंप, परत ओढ. तळहाताची सालं निघाली. वारं समोरनं, होडी मागं चाललेली, वल्ह्यानं माझ्या वयात काय व्हणार? आणि खरं सांगतो, मनात आलं, नगं चालू व्हऊस. वाऱ्यानं परत घरी जाऊ. लगेच वाटलं, बबनला शब्द दिलाय, पोरगं तितं उन्हात उभं आसंल. मंग इंजनाला आई-भणीवरनं शिव्या दिल्या आणि परत ओढायला लागलो. छातीत कळ आली तरी ओढतोय.

दम लागला म्हणून खाली बसलो. दोरी हातातच. आणि पायाला हिसका बसला.

मला वाटलं लाट. दुसरा बसला, लगेच. मी वर बघितलं. सुतळी माझ्या डोळ्यासमोर हळूहळू ताठ झाली... आणि तिसरा. लांब. वढून धरल्यासारखा. मंग सैल पडली.

होडी नुसती डुलतीय. सुतळी पाण्यात न्हवती, फळ्यांवरनं गेलेली. मी गुडघ्यावर रांगत पुढं गेलो. टोक खिळ्याला गुंडाळलेलं तसंच, मी मारलेली गाठ तशीच. फळीवर कोण न्हाय. अंगठा बघितला, लाल वळ उठलेला.

भ्यालो न्हाय. भ्यायला पायजे व्हतं, पर न्हाय भ्यालो. लई दिवसांनी कुणीतरी ‘बास करा’ म्हणलं, तेवढंच वाटलं. दोरी सोडली. भाकरी काढली. शेंगाचटणी, कांदा. आणि भूक लागली हो. आषाढापासनं पयल्यांदा. दोन भाकरी खाल्ल्या, चटणी बोटानं पुसून खाल्ली. रडलो बी, ते लिहायला लाज कसली.

हात धुतला, चोक आत ढकलला, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजन चालू. निळा धूर काढून निवांत चालायला लागलं.

पलीकडं गेलो तर बबन काठावर उभा. “काय आबा, आमी म्हणलं म्हातारं बुडालं का काय. आता पक्षी बघायचं सोडून तुमालाच हुडकायचं व्हतं.”

“इंजन बसलं व्हतं,” मी म्हणलं. “आता चांगलं हाय. पर द्यायचं न्हाय.”

“आवो, शब्द दिलाय की तुमी.”

“दिला व्हता. मोडला. काय शिव्या द्यायच्या त्या दे.”

बबन म्हणला, “शिव्या काय द्यायच्या, तुमचं डोकंच फिरलंय,” आणि संजयकडं बघून हात झटकले. संजय माझ्यावर तापला. “आबा, कारण तरी सांगा. चार माणसांत तोंड काळं केलं माझं.”

मी म्हणलं, “होडीत माणूस बसलेलं हाय. माणूस बसलेली होडी कशी विकायची?”

दोघं बी होडीत बघायला लागले. बबन हसला. संजय हसला न्हाय. बारक्या आवाजात म्हणला, “कुटं?” मी पुढची फळी दावली. त्यानं फळीकडं बघितलं. मंग पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या, होडीत चढला आणि मधल्या फळीवर बसला. पुढं गेला न्हाय. मी इंजन चालू केलं आणि आमी घरी आलो. परत त्यानं विकायचं नाव काढलं न्हाय. पावसाळ्यात पाण्यात जायचं न्हाय, एवढीच अट घातली. ती मी पाळतो.

नंतर इंजन मिस्त्रीला दावलं. त्यो म्हणला, “आबा, पंप दाबून दाबून तुमी त्याला पेट्रोलनं भिजवलं. ओढत बसला असता तर चालू झालंच नसतं. थोडा वेळ सोडलं, वाळलं, चालू झालं. ह्यात काय भूत न्हाय.” बरोबर हाय. इंजनाचं मला पटलं.

पर मला थांब कुणी म्हणलं?

त्या दिवसानंतर रोज अंगठा फासात घालून बसतो. एकदा बी हिसका न्हाय. का आला, का परत येत न्हाय, मला ठाऊक न्हाय. सून म्हणती मनाचे खेळ. मनानं अंगठ्याला वळ कसा उठतो ते तिला बी सांगता येत न्हाय. तुमच्यात कुणाला म्हायती आसंल तर कळवा. फकस्त वाऱ्यानं ओढली असं लिहू नका. वारं मी जलमभर बघितलंय, त्याला तीनपर्यंत मोजता येत न्हाय.