जत्रेचं आवतन

कप जरा खाली ठेवा, न्हाईतर हसताना चहा सांडंल. माझ्या शहाणपणाची गोष्ट हाय.

माझं माहेर रेणापूरजवळ, सासर लातूरला. गेल्या साली आई गेल्यावरची पहिली जत्रा आली आणि मी फोन घेऊन बसले. दरसाल जत्रेआधी आईचा फोन यायचा. आता धाकट्या भावाचा, दत्ताचा, यायला पाहिजे का नको? तुम्हीच सांगा.

फोन वाजला की मी पळायचे. बघते तर रिचार्ज संपल्याचा निरोप. भरलेली पिशवी रिकामी केली, परत भरली, परत रिकामी केली.

"अगं, जा की," आमचे हे म्हणाले.

"बिनबोलावता? मी काय वाटेवर पडले?"

आई गेली की माहेर संपलं, असं शेजारच्या काकूंना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. भाजीवाली बिचारी रडली, वर कोथिंबीर फुकट दिली. मग तर माझी खात्रीच पटली.

जत्रेच्या संध्याकाळी राहवलं न्हाई. मीच फोन लावला. "दत्ता, एक फोन करता आला न्हाई व्हय रे?"

तिकडं हलगी वाजत होती.

"अक्का, सकाळपासून गाडी घेऊन फाट्यावर उभा हाय मी. आवतन लग्नाला असतंय. जत्रेला लेकीला कुणी बोलावतंय का?"

"आई बोलवायची."

"आई कवा 'ये' म्हणली?"

खरंच की. आई नुस्तं म्हणायची, "येताना कपबशा आण, पाहुणे लई हायेत." त्या पाहुण्यांत मी नव्हते. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फोन ठेवला आणि लई रडले.

यंदा जत्रेआधी दत्ता दारात हजर. डोक्यावर नवी टोपी, हातात हळदीकुंकू, अक्षता.

"अक्का, गेल्या साली तुला वाईट वाटलं. यंदा रीतसर आवतन घेऊन आलोय. सगळ्यांनी यायचं बरं का."

चेष्टा करत असता तर लाटणं फेकून मारलं असतं. पण तो मनापासून बोलत होता. मी गपचूप अक्षता घेतल्या.

जत्रेला गेले. पदर खोचून चुलीकडं निघाले तर भावजयीनं अंगणात खुर्ची टाकली.

"वन्सं, तुम्ही बसा. आवतन देऊन बोलावलंय तुम्हाला."

बसले मग. भांडून मिळवलेली खुर्ची होती ती.