माधवच्या नावाचे पाकीट

जे लिहायला बसलो आहे, ते मी पत्नीलाही कधी सांगितले नाही. ती गेली, ती हे न ऐकताच गेली. आज तुम्हाला सांगतो आहे — आणि तेही सुखासुखी नव्हे. आमच्या इथल्या, आयर्लंडमधल्या मराठी मंडळात माझ्या बाजूने एक खोटी गोष्ट चालली आहे आणि ती मला सहन होत नाही, म्हणून.

लोक म्हणतात, आता डंडॉक गावी राहणाऱ्या माधवने माझ्याशी बोलणे सोडले ते नव्या नोकरीच्या गुर्मीत. "काका, पहिल्या दिवसापासून तुम्ही त्याला आधार दिलात, आणि बघा आता," असे परवा डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावात, मंडळाच्या हॉलमध्ये एकाने चहाचा कप माझ्या हातात देत ऐकवले. दुसऱ्याच्या मते गणपतीच्या कार्यक्रमावरून आमचे बिनसले. दोन्ही साफ खोटे. चुकीचे विधान ऐकले की ते खोडून काढल्यावाचून मला राहवत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव. मग हे का चालू दिले? कारण ते माझ्या सोयीचे होते.

मी निवृत्त डॉक्टर. जुन्या हॉकीपटूंच्या छापील कार्डांवर टपालाने सह्या मिळवण्याचा मला नाद. कार्ड पाठवायचे, सोबत चार ओळींचे पत्र, आणि परतीचे पाकीट — त्यावर आपला पत्ता आणि त्या खेळाडूच्या देशाचे तिकीट. आयर्लंडचे तिकीट तिथे चालत नाही, हे नवशिक्यांना ठाऊक नसते. माधवला हे सारे मी शिकवले. तो तेव्हा डब्लिनमध्ये भाड्याच्या खोल्या बदलत फिरत होता. दर सहा-आठ महिन्यांनी नवा पत्ता. म्हणून परतीच्या पाकिटांवर तो स्वतःचे नाव आणि माझ्या घरचा पत्ता घालत असे. पत्ता द्यायची कल्पना माझीच — तेवढा मोठेपणा मला आवडायचा.

एका वृद्ध डच फॉरवर्डला मी तीनदा लिहिले होते. तिन्ही वेळा उत्तर नाही. माधवनेही त्यालाच लिहायचे ठरवले आणि पत्र मला वाचायला दिले. चार पाने! त्याचे वडील रेल्वेत कारकून आणि कामठीच्या संघाचे गोलरक्षक. तो डच संघ भारतात आला असताना झालेल्या एका सरावाच्या सामन्यात वडिलांच्या पॅडचा पट्टा तुटला. तेव्हा त्या परदेशी खेळाडूने गुडघे टेकून, स्वतःच्या बुटाची नाडी काढून तो बांधून दिला. ही गोष्ट वडील आयुष्यभर सांगत आले आणि ऐकणारे आयुष्यभर हसत आले. आपल्याला हे आठवते का, एवढेच माधवने विचारले होते.

मी काय म्हणालो असेन? चारचौघांत म्हणालो, "अरे, तो माणूस तुझ्या वडिलांच्या पायाशी बसेल? सगळ्यांचेच वडील थापा मारतात. तू निदान त्या थापा टपालात तरी टाकू नकोस." सगळे हसले. माधवही हसला. पत्र मात्र त्याने पाठवले.

दीड महिन्याने पाकीट आले. माधवच्या अक्षरात माधवचे नाव, खाली माझा पत्ता. ते उघडण्याचा मला काय अधिकार होता? काहीही नाही. मी ते उघडले. आत सही केलेले कार्ड होते — आणि सोबत पत्र, म्हाताऱ्या, थरथरत्या अक्षरात. नाडी आपल्याला पक्की आठवते, असे त्याने लिहिले होते. उरलेला सामना आपण सैल बुटाने खेळलो. आणि पट्टा बांधून घेतल्यावर त्या गोलरक्षकाने आपले दोन फटके अडवले, त्याचा राग अजून गेलेला नाही, हे त्यांना जरूर सांगा.

मी ते पत्र कपाटात, माझ्या अल्बमच्या खाली ठेवले.

तुम्ही म्हणाल, मत्सर. नाही — तेही मी मान्य करणार नाही. कार्डाचा मला उपयोगच नव्हता. त्यावर 'माधवसाठी' असे लिहिलेले होते. मी ते ठेवले, कारण मी चुकलो होतो आणि ज्यांच्यासमोर हसलो त्यांच्यासमोर चूक कबूल करावी लागली असती. एवढेच. एवढ्यासाठीच.

माधव दर शनिवारी विचारायचा, "काका, काही आलं?" मी नाही म्हणायचो. किती शनिवार? मोजले नाहीत. आठ महिन्यांनी त्याचे वडील नागपुरात वारले. मी माधवच्या डब्लिनच्या खोलीवर भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "बाबा फोनवर शेवटपर्यंत विचारत होते, उत्तर आलं का." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. होय, ते पाकीट उघडणारा तोच हात. म्हणालो, "काही खेळाडू उत्तर देत नाहीत."

अशी सहा वर्षे गेली. मग गेल्या दिवाळीच्या फराळाला माधवने आपणहून ती गोष्ट काढली — विनोद म्हणून. "आमचे बाबा म्हणजे ना, थापाडे नंबर एक." पट्टा, नाडी, सगळे अभिनय करून सांगितले. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. वडिलांची बाजू घेणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि त्याची ही अवस्था मी केली होती.

पुढच्या रविवारी मी बसने डंडॉकला गेलो. त्याने दार उघडले, "या ना काका," म्हणाला. मी उंबऱ्याबाहेरूनच पाकीट दिले. त्याने पत्र उभ्यानेच वाचले. पुन्हा वाचले.

"हे कधी आलं?"

"तुझे वडील होते तेव्हा."

खिशातून फोन काढून त्याने नागपूरला आईला लावला आणि ते पत्र एकेक वाक्य मराठीत करत तिला वाचून दाखवू लागला. दोन फटक्यांचे वाक्य त्याने दोनदा वाचले. तिकडून ती माऊली काय म्हणाली, ते मला ऐकू आले नाही. मग तिने विचारले असावे, हे इतक्या वर्षांनी कुठून आले. माधवने माझ्याकडे पाहिले.

"पोस्टाने आलं, आई," तो म्हणाला, आणि दार लोटून घेतले.