सिहोऱ्याच्या धानावरचा करपा

तुमसर रोडला गाडीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी. हमालाने पेटीकडे बघून विचारलं, "बाजा हाय का बाई?" मी सरळ हो म्हणाले. पानांवरचे ठिपके बघायला एक बाई पुण्याहून इथवर आली आहे, हे त्याला समजावत बसले असते तर सिहोऱ्याची बस नक्की चुकली असती.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आदल्या वर्षी कूर्गच्या मळ्यांत कॉफीच्या पानांवरचे तपकिरी डोळे बघत हिंडले आणि या बुरशीच्या ठिपक्यांनी मला पुरतं वेड लावलं. या आश्विनात धानाची (भातपिकाची) पाळी होती.

बस सुटली आणि दोन्ही बाजूंना नुसता हिरवा रंग पसरला. धान पोटरीतून निसवत होतं, कोवळ्या लोंब्या बाहेर पडत होत्या. मधूनच एखादा तलाव चमकून जाई. एका थांब्यावर कुंपणालगतच्या हळदीवर इतके सुरेख ठिपके दिसले की मी खाली उडीच मारली.

"ओ बाई, पान तोडाले उतरल्या काय? गाडी चालली ना!" कंडक्टर ओरडला. मी पानासकट धावत आत आले. सगळी बस हसत होती, मीही हसले.

सिहोऱ्याजवळच्या खेड्यात माझी उतरायची सोय दयारामजींकडे होती. त्यांच्या सुनेने, सुशीलाने, धोप्याच्या (अळूच्या) वड्या आणि लाखोरीच्या डाळीचं वरण केलं होतं. वड्यांसाठी धुतलेली पानं मी उजेडात धरून बघू लागले, तशी ती पदर तोंडावर धरून हसायला लागली.

"रोग दिसला का लय खुश होता तुमी, बाई," ती म्हणाली. मग तिचं हसू ओसरलं. "माया बाबाच्या बांधीत गेल्या तं नाचानच तुमी."

बांधी म्हणजे धुऱ्यांनी (बांधांनी) वेढलेला धानाचा तुकडा. सुशीलाच्या वडिलांची, गोविंदाजींची, बांधी दयारामजींच्या बांधीला लागून, खालच्या अंगाला होती. नहराचं (कालव्याचं) पाणी आधी वरच्या बांधीत येई आणि धुऱ्याला ठेवलेल्या तोंडातून खाली उतरे. यंदा वरच्या बांधीत आधी करपा दिसला. रोग पाण्यातून आपल्याकडे येणार म्हणून गोविंदाजींनी ते तोंड चिखलाने लिंपून टाकलं.

एरवी या गोष्टीवरून फावडी उगारली गेली असती. पण हे पडले व्याही. व्याह्याला तोंडावर दुखवायचं नाही, ही इथली रीत. गोविंदाजी काही बोलले नाहीत आणि दयारामजींनी लिंपलेलं तोंड पाहिलंच नाही असं दाखवलं. जादा पाणी ते मुकाट्याने नाल्यात सोडू लागले. दोन्ही घरांतून एकमेकांकडे वड्यांचं ताट रीतसर जात होतं, बोलणं मात्र बंद होतं. आणि खाली ऐन निसवणीत जमीन भेगाळत चालली होती.

"लोंब्या पोचट निंगतीन, बाई. मी इकडूनबी बोलू शकत नाई, तिकडूनबी नाई," सुशीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मी दोन्ही बांध्या पालथ्या घातल्या. वर करपा होताच. दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी, कडेला तपकिरी असे ठिपके होते. खाली कोरड्या बांधीतही तेच ठिपके होते, उलट जास्तच. धुऱ्यावर गोविंदाजी भेटले. उंच, शांत माणूस.

"हा रोग पाण्याने येत नाही, वाऱ्याने येतो," मी म्हणाले. "आणि तहानलेल्या धानाला तो लवकर धरतो."

"तोंड लिंपाच्या आंधी आला असन," ते नम्रपणे म्हणाले. "तुमी त्याईच्या घरी उतरल्या ना, बाई."

मी मनातून चरफडले, पण त्यांचं काय चुकलं होतं? मग मला युक्ती सुचली. काचेच्या पट्टीला व्हॅसलिन फासलं, ती एका काठीला बांधली आणि काठी त्यांच्याच बांधीच्या मधोमध, भेगाळलेल्या जमिनीत रोवली. "वाऱ्यावर काय येतं ते रात्रभरात हिला चिकटेल. सकाळी तुम्ही स्वतः काढून आणा," मी म्हणाले.

सकाळी गोविंदाजी पट्टी घेऊन व्याह्यांच्या अंगणात आले. किती दिवसांनी, कोण जाणे. दयारामजींनी खाट टाकली. मी सूक्ष्मदर्शकाच्या आरशाने ऊन पकडलं आणि भिंग खालीवर करत राहिले. धूळ होती, परागकण होते, पण हवं ते दिसेना. एवढा माणूस माझ्या शब्दावर आला होता! आणि एकदम ते सापडले. एका टोकाला निमुळते, आत दोन आडवे पडदे, करप्याचे नितळ बीजाणू. एक, मग शेजारी अजून, मग कितीतरी. मी अक्षरशः टाळी वाजवली. "हेच करप्याचं बी," मी म्हणाले.

गोविंदाजी वाकले. बराच वेळ डोळा लावून होते. मग दयारामजींनी पाहिलं.

"वाऱ्यानं येते," गोविंदाजी म्हणाले, "तं मंग मी पान्याले काहून कोंडून राह्यलो, व्याही?"

"थांबा, फावडं आनतो," दयारामजी म्हणाले.

ते तोंड दोघांनी मिळून फोडलं. पाणी भेगांत शिरताना बुडबुडे येत होते आणि दोघे व्याही मोठमोठ्याने बोलत होते, सगळे तुंबलेले विषय एकदम निघाले होते. मला इतका आनंद झाला की मी चपला हातात घेऊन त्या चिखलात उतरले.

दुसऱ्या दिवशी सुशीला मला बसपर्यंत पोचवायला आली. बस आली तेव्हा तिने माझा हात धरला.

"बाई, खरं सांगा. माया रडन्यापायी तं नाई ना सांगितलं तसं? मी काई पायलं नाई. मी चुलीपाशी होती."

कंडक्टर घंटी वाजवत होता. मी बस जाऊ दिली. पारावर पेटी उघडली, तीच काच लावली, आरसा उन्हाकडे वळवला आणि तिला वाकायला सांगितलं. पहिल्यांदा तिने दोन्ही डोळे मिटले. मग एक उघडला. मग ती हललीच नाही.

"एवढंसं?" ती वर न बघताच म्हणाली. "एवढ्याशापायी माया दोन घराईचं बोलनं बंद होतं?"

पुढची गाडी संध्याकाळी होती. तोवर तिने हाती लागेल ते पान त्या भिंगाखाली घातलं आणि मी नावं सांगत राहिले.

पुण्याला मी उशिरा पोचले आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. पुढच्या हंगामात कळलं की गोविंदाजींचं निम्मं धान हाती लागलं. निम्मं करप्याने नेलं, ते पाणी सोडूनही वाचलं नाही. तोवर मी ठिपके जमवत होते ते माझ्या हौसेसाठी, आणि हौस अजूनही आहे. पण आता नवा ठिपका दिसला की मी आनंदाने ओरडते आणि लगेच मागे वळून बघते, हे शेत कुणाचं आहे ते.