"न्हाणीत घसरलो म्हणून सांग"

जिनिंग मिलमध्ये कापसाची गठाण पडून बाबांची नडगी मोडली. मुकादमानं त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात आणलं आणि तो बाहेर थांबला. डॉक्टर तेलुगू बोलणारे. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच, म्हणून त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं काम माझ्याकडे.

"कसं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा माझी बाही धरून म्हणाले, "न्हाणीत घसरलो म्हणून सांग."

"आपल्या घरी न्हाणी हाय कुठं? दगडावर बसून आंघोळ करता तुमी."

"गमती काऊन करून राह्यला? मिलचं नाव आलं तर काम जाईन, मुकादम म्हणते."

"मोडक्या पायानं कोणतं काम करान तुमी?"

मी डॉक्टरांना खरं तेच सांगितलं. 'मिल' हा शब्द बाबांना कळला. त्यांनी बाही सोडली. डॉक्टरांनी कागदावर 'कामावर झालेली दुखापत' असं लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि खाली ठळक सही केली.

प्लास्टर होईपर्यंत मी बाकावरून सारखा उठत होतो, बसत होतो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेवटी म्हणाले, "मुकादमाले तूच सांग आता. तुलेच बोलता येते."

मी कागद घेऊन बाहेर निघालो.