अच्छा, येते गं

रूथचा भाचा अनिल ऑपरेशन थिएटरच्या बाजूच्या दारातून बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, मावशी गेली." मी म्हटलं, "कुठे?" ... खरंच असं विचारलं मी. तो चाळिशीचा बाप्या माणूस, दिल्लीत जन्मलेला, मराठी जेमतेम. त्याला वाटलं आपलंच काहीतरी बोलायचं चुकलं. म्हणून त्याने तेच पुन्हा हिंदीत सांगितलं, "मौसी नहीं रहीं." हिंदीत मात्र त्याचा दुसरा काही अर्थ निघत नव्हता. त्या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला, पण तो "कुठे?" अजून माझ्या कानात आहे, कारण तो प्रश्न मी रूथच्या बाबतीत आधी एकदा विचारला होता. थायलंडमध्ये, एका कालव्याच्या काठावर, आणि तेव्हाही माझी अशीच पाचावर धारण बसली होती.

मी जन्माची भित्री. पालीला, लिफ्टला, अवेळी वाजणाऱ्या फोनला, रस्ता ओलांडायला, सगळ्याला भिते. लग्न होऊन मिरजेहून दिल्लीला आले तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पहिल्याच आठवड्यात माकड स्वयंपाकघरात शिरलं. हे ऑफिसला गेलेले. मी पलंगावर उभी राहून ओरडत होते, तेवढ्यात शेजारची दारातून आत आली, खराटा उचलला आणि माकडाला म्हणाली, "ए, निघ बाहेर." माकड जागचं हललं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "याला मराठी नाही कळत," आणि खास दिल्लीच्या ठसक्यात ओरडली, "चल, भाग यहाँ से." माकड गेलं. ही रूथ. अहमदनगरची, ख्रिस्ती, मंत्रालयात असिस्टंट, नवरा रेल्वेत, मूलबाळ नाही. जाताना दारात म्हणाली, "अच्छा, येते गं." तो "अच्छा" दिल्लीचा आणि "येते" आमच्या घरचं. मला त्या परक्या गावात पहिल्यांदा जरा धीर आला.

हे "येते" तिचं फार कडक होतं. निघताना "जाते" म्हणायचं नाही, म्हणजे नाही. तिच्या आईने लहानपणी त्यावरून थोबाडीत दिली होती म्हणे. मी एकदा चिडवलं, "तुम्हा लोकांतही हे असतं का गं?" तर म्हणाली, "बाप्तिस्मा माणसाचा होतो, जिभेचा नाही." क्वार्टर सुटलं, तिचा नवरा वारला, आमच्या ह्यांची रिटायरमेंट झाली, आणि फरीदाबादला आम्ही शेजारशेजारच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतले. रोज सकाळी ती सायकलवरून यायची, खालूनच दोनदा घंटी वाजवायची, वर येऊन चहा प्यायची आणि "अच्छा, येते गं" म्हणून जायची. साठी उलटल्यावर बाई सायकल चालवायला लागली होती. बागेत फिरायला येणाऱ्यांत एक कपूरसाहेब होते, त्यांनी हे खूळ तिच्या डोक्यात भरलं. मग एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "सुनंदे, आपण थायलंडला सायकलवर जातोय."

मी अर्थातच नाही म्हटलं. ती म्हणाली, "अगं, रेस नाहीये. आरामात जायचं. सगळं सपाट, भातखाचरं, कालवे. सामान टेम्पोत, आपण रिकाम्या. मोटारींपेक्षा म्हशी जास्त दिसतील." मी म्हटलं, म्हशींनाही मी भिते. पण तिने कपूरसाहेबांकडे माझं नाव देऊनही टाकलं होतं. करोल बागेतून माझ्यासाठी मागे उशी शिवलेली चड्डी आणली, ती सलवारीच्या आत घालून मी महिनाभर सेक्टरच्या रस्त्यावर ब्रेक दाबत दाबत सायकल चालवली. बिल्डिंगमधली माणसं बाल्कनीत उभी राहून बघायची. ह्यांनी तर सरळ सांगितलं, तू पासपोर्टच्या रांगेतूनच परत येशील.

गेले मात्र. आमचा सात-आठ जणांचा घोळका, सगळे दिल्ली-फरीदाबादचे, सगळे पिकल्या केसांचे. पुढे वाट दाखवायला नोई नावाची हसरी मुलगी, सगळ्यात मागे कपूरसाहेब, कुणी मागे राहू नये म्हणून. नियम एकच, नोईच्या पुढे जायचं नाही आणि कपूरसाहेबांच्या मागे राहायचं नाही. पहिले दोन दिवस मी मुठी आवळून, फक्त रूथच्या पाठीकडे बघत सायकल चालवली. तिच्या पाठीवर निळी पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी. देवळांतली कुत्री अंगावर धावून यायची, कालव्यातून घोरपडीसारखं काहीतरी लांबलचक पोहत जायचं, आणि ही पुढून ओरडून सांगायची, "सुनंदे, बगळे बघ. सुनंदे, ते शेवग्याचं झाड बघ, अगदी आपल्याकडचं." प्रत्येक घरासमोर खांबावर एक छोटंसं देवघर असायचं, त्यात ताजी फुलं आणि लाल सरबताची बाटली. रूथ तिथे थांबून म्हणायची, देवाला सरबत देतात, कित्ती छान. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं की बराच वेळ मी ब्रेकला हातच लावलेला नाही. मला इतका आनंद झाला की मी तो कुणाला सांगितला नाही, दृष्ट लागेल म्हणून.

त्याच दिवशी दुपारी ते झालं. कालव्याकाठच्या एका देवळात आम्ही थांबलो होतो. मी हात-पाय धुवायला मागे गेले. परत आले तर रूथ नाही आणि तिची सायकलही नाही. "रूथ कुठे?" मी विचारलं. कपूरसाहेब केळं सोलत म्हणाले, "बोलके गई हैं, आ रही हैं." आम्ही वाट बघत बसलो. सगळ्यांचा चहा झाला, फोटो झाले, तरी ती आली नाही. कुणीतरी म्हणालं, मागे शहाळी प्यायलो तिथे काही विसरली असेल, ते आणायला गेली असेल. तिच्याकडे तिथे चालणारा फोन नव्हता. सामानाचा टेम्पो पुढे मुक्कामाच्या घरी गेलेला, आणि त्याचा ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. नोईचं हसू मावळलं. तोपर्यंत ती मुलगी कशालाच घाबरलेली मी पाहिली नव्हती.

नोई मागे शोधायला निघाली तशी मीही सायकल काढली. बसून राहणं माझ्याने होईना. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला खाचरं, मधे अरुंद वाट. मी प्रत्येक वळणावर पाण्यात बघत होते. मनात एकच, आता हिच्या भाच्याला काय सांगू, आणि हिच्याशिवाय मी परत कशी जाऊ. शहाळीवालीने मान हलवली, बाई इथे आली नाही. परतताना जलपर्णीत काहीतरी पांढरं अडकलेलं दिसलं. रूथच्या टोपीएवढं... सायकल सोडून मी वाटेवर खाली बसले. नोई बांबू घेऊन पाण्यात उतरली, ते पांढरं तिने ओढलं. थर्माकोलच्या खोक्याचं झाकण होतं. तिने ते मला लांबूनच उंच करून दाखवलं. मी हुंदके देत होते आणि देव-देव करत होते, माझे तेहतीस कोटी आणि तिचा तो एक, सगळ्यांना एकदमच.

देवळापाशी परत आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी कपूरसाहेबांचा हात धरला आणि म्हटलं, "भाईसाहब, ठीक से याद करके बताइए, रूथ ने क्या कहा था? बिल्कुल वही शब्द." ते बिचारे घाबरून आठवायला लागले. म्हणाले, "यही कहा कि अच्छा भाईसाहब, मैं आती हूँ. बस." "पिशवी घेतली होती?" "हाँ, पीठ पर थी." अच्छा, मैं आती हूँ... अच्छा, येते. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. अर्धं आयुष्य दिल्लीत काढलं तरी बाईने जिभेवरचं "येते" तसंच उचलून हिंदीत ठेवलं होतं. ती परत येणारच नव्हती, ती गेली होती. पुढे. आणि आम्ही तिला मागे शोधत बसलो होतो. मी कपूरसाहेबांना म्हटलं, "वो गई हैं. हमारे यहाँ जाने को आना बोलते हैं." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू उन्हाने माझं डोकं फिरलंय. म्हणाले, "तो फिर आने को क्या बोलते हैं?" मी म्हटलं, "उसको भी आना ही बोलते हैं," आणि सायकलवर टांग मारली.

त्या वाटेवर मी नोईच्याही पुढे होते. कुत्री भुंकत आली, मी त्यांच्या मधून गेले. संधिप्रकाशात मुक्कामाचं लाकडी घर दिसलं, आणि पायरीवर रूथ बसलेली, पाय बादलीत सोडून. मला बघून म्हणाली, "किती गं उशीर?" मी सायकल फेकली आणि तिच्या दंडावर दोन-तीन चापट्या मारल्या. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. बाकीचे येईपर्यंत तिने मला हळूच सांगितलं. देवळात छातीत धडधडायला लागलं होतं, डोळ्यांपुढे अंधारी आली. तसं दिल्लीतही दोनदा झालं होतं. वाट सरळ आहे, कालव्याकाठाने गेलं की घर, एवढं तिला माहीत होतं. गुपचूप जाऊन आडवं व्हावं म्हणून ती निघाली. "तुला का नाही सांगितलंस?" "तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या विमानाने मला परत नेलं असतंस. आणि तू आज सकाळी ब्रेक सोडून चालवत होतीस. मी बघितलं ना."

तिने ते बघितलं होतं. मी तिच्या मांडीवरून डोकं उचललं. मग म्हटलं, "रूथ, यापुढे कुठे जाशील तेव्हा सरळ 'जाते' म्हणायचं. मला कळलं पाहिजे तू येणार आहेस की नाही." ती म्हणाली, "असं म्हणू नये गं." मी म्हटलं, "म्हणायचं. मला असं कालव्यात शोधायला लावायचं नाही." ती हसली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं बाई. म्हणेन." तेवढ्यात कपूरसाहेब येऊन पोचले, आणि तिला हात जोडून म्हणाले, "रूथजी, आगे से इंग्लिश में बताया कीजिए." उरलेले दिवस आम्ही आणखी सावकाश गेलो. ती हट्टाने पुढेच राहिली, आणि मी पुन्हा तिच्या पाठीकडे बघत राहिले. पण आता भीती स्वतःच्या पडण्याची नव्हती.

ती भीती पुढची काही वर्षं माझ्या घरात राहायला आली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, हृदयाच्या झडपेचं काहीतरी निघालं. सकाळी घंटीला पाच मिनिटं उशीर झाला की मी बाल्कनीत. ती वर येऊन म्हणायची, "आले गं बाई, चहा टाक," आणि माझा जीव भांड्यात पडायचा. "जाते" ती कधीच म्हणाली नाही. मी आठवण दिली की म्हणायची, "अजून कुठे जातेय?" शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्या सकाळी तिला स्ट्रेचरवरून नेत होते, मी बाजूने चालत होते, तिचा हात माझ्या हातात. दारापाशी वॉर्डबॉय म्हणाला, बस आंटी, यहीं तक. रूथने मान वळवली. डोळे हसरे होते, ते मी शपथेवर सांगेन. माझा हात दाबून म्हणाली, "अच्छा. जाते गं."

चेष्टा केली, की शब्द पाळला, की तिला कळलं होतं... मला माहीत नाही, आणि ते आता कुणाला विचारायचं? मी एवढी घाबरले की भान विसरून ओरडले, "येते म्हण. रूथ, येते म्हण." दार बंद झालं. बाकड्यावर बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. बाहेर राहिलेली एक नर्स जवळ आली आणि तिने विचारलं, "क्या हुआ आंटी, कुछ कहना रह गया?" 

अनिलने तिच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे दिली आहे. कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायचं म्हणून. दारामागे ती सायकल उभी आहे, हँडलला पांढरी टोपी अडकवलेली. पहिल्या दिवशी मी नुसती उंबऱ्यातच उभी राहिले, आत पाऊल टाकायला भीती वाटत होती. आमच्यात माणूस गेलेल्या घरातून निघताना "येते" म्हणायचं नसतं. "जाते"ही म्हणायचं नसतं. मुकाट्याने उठून निघायचं. महिनाभर मी तसंच केलं, पाणी घातलं, तोंड मिटून कुलूप लावलं, घरी आले. परवा मात्र पाणी घालून निघाले, दार ओढताना माझ्या पिशवीचा धक्का लागून सायकलची घंटी किणकिणली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "अच्छा, येते गं."  आता काय होणार म्हणून मी दाराची कडी धरून तशीच उभी राहिले. काही झालं नाही. मग कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हटल्याप्रमाणे, आले.